माझ्या नावाखालच्या सहा ओळी

त्या सहा ओळी मी पहिल्यांदा नीट वाचल्या त्या एका मंगळवारी सकाळी, जळोचीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत. वाचल्यावर त्या कुणी लिहिल्या ते बघायला गेले. लिहिणाऱ्याच्या जागी माझ्या सरांचं नाव होतं, आणि तपासणाऱ्याच्या जागी माझं.

मी एका लहान कंपनीचं काम घरून करते. कारखान्यातल्या मशिनींची तापमानं, दाब, वेग अशी मापं गोळा करून समोरच्या पॅनेलवर पोचवणारी एक लोखंडी पेटी ही कंपनी बनवते. पेटीत छोटा कॉम्प्युटर असतो. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, सगळ्यांना खुली. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कर्नलला आमची नेटवर्कची चिप आपोआप कळत नाही. दोघांच्या मध्ये जो कोड बसतो तो ड्रायव्हर, आणि तो आम्ही लिहितो. एकाने केलेला बदल दुसऱ्याने ओळ न ओळ वाचायचा आणि मगच तो आत घ्यायचा, असा नियम आहे. वाचणाऱ्याचं नाव त्या बदलाला कायमचं चिकटून राहतं. आमच्याकडे हे वाचायचं काम माझं.

त्या सकाळी माझ्यासमोर दुसराच एक बदल होता, दोन ओळींचा, कुणा नव्या माणसाचा. पण दोन ओळी समजायला आजूबाजूच्या वीस वाचाव्या लागतात, आणि तिथेच ते दिसलं. येणारी माहिती तुकड्यातुकड्याने येते, त्या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. चिपला घाई झाली, जागा मिळाली नाही, की ती पॅकेट सोडून देते आणि किती सोडली याचा आकडा स्वतःजवळ ठेवते. ड्रायव्हरने तो आकडा वर सांगायचा. या सहा ओळी चिपकडून आकडा घेत होत्या, चिपमधला पुसून टाकत होत्या आणि वर सांगत होत्या शून्य. काहीही झालं तरी शून्य. शेजारी इंग्रजीत एक टीप होती, तिचा अर्थ एवढाच की ग्राहकाच्या पडद्यावर उगाच गोंगाट नको.

घासून पालथ्या घातलेल्या पातेल्यात हात घालावा आणि बोटांना बुळबुळीत काहीतरी लागावं, तसं झालं मला. मी खुर्ची मागे सरकवली आणि काही वेळ पडद्याकडे बघितलंच नाही.

सरांबद्दल सांगायला हवं. बारामतीच्या कॉलेजात त्यांनी मला प्रोग्रॅमिंग शिकवलं. एखादं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅममधला एका कामाचा तुकडा, चुकलं तर ते तसं उत्तर देतं. ते उत्तर न तपासता जो पुढे गेला त्याची जर्नल सर सगळ्या वर्गासमोर परत फेकायचे. 'चूक झाली तर होऊ दे, लपवलीस तर माझ्या वर्गात बसू नकोस,' हे त्यांचं वाक्य आमच्या बॅचमधल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. पुढे शिकवणं सोडून ते पुण्याला या कंपनीत गेले आणि ड्रायव्हरच्या गटाचे प्रमुख झाले. लग्नानंतर पुण्याची नोकरी सोडून मी इकडे परत आले तेव्हा त्यांनीच फोन करून बोलावलं होतं. 'घरून कर, पण वाचायचं काम तूच कर. तुझी नजर मला माहीत आहे,' असं म्हणाले होते.

आणि तीन महिन्यांपूर्वी त्यांनी पाठवलेला तो बदल माझ्या नजरेखालून गेला होता. चांगला लांबलचक होता. शेकडो ओळींत नुसती नावं बदललेली, ओळी खालीवर केलेल्या, आणि मधोमध या सहा. मी वरच्या दोन पानांवरून नजर फिरवली होती, सरांचं आहे म्हणून बाकीचं खाली ओढत नेलं होतं आणि होकार देऊन टाकला होता. त्या वेळी कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती हेसुद्धा मला आठवलं. तेवढ्या वेळात मी तो वाचला होता.

मग मी अख्खा ड्रायव्हर काढून बसले. वाचत गेले तशी शिसारी वाढत गेली. दुसऱ्याच कुठल्या चिपचा कोड आणून डकवलेला, त्यातली नावंही तशीच. एका ठिकाणी विनाकारण थांबायला लावलं होतं आणि शेजारी लिहिलं होतं की हे का लागतं माहीत नाही, हात लावू नये. चूक झाल्याचं उत्तर येत होतं आणि ते कुणी बघतच नव्हतं, एकदा नाही, ठिकठिकाणी. ज्या माणसाने याच कारणासाठी माझी जर्नल फेकली होती त्याचं नाव यातल्या निम्म्या ओळींवर होतं. उरलेल्या निम्म्यांवर तपासणारी म्हणून मी होते.

दुपारी सरांना फोन केला.

"सर, पॅकेट सोडल्याचा आकडा आपण नेहमी शून्य सांगतोय."

"हो. ते मुद्दाम आहे," ते म्हणाले. आवाजात काही फरक नव्हता. "आकडा वाढला की पेटीवरचा पिवळा दिवा लागतो. दिवा लागला की ग्राहक फोन करतो. नेटवर्कवर पॅकेट थोडीफार जातातच. काही बिघडत नाही."

"मग दिवा कधी लागावा त्याची मर्यादा वाढवायची. आकडा खोटा कशाला?"

"मर्यादा वाढवायला ग्राहकाची परवानगी लागते. त्यांच्याशी तसा करार आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि हे बघ, तू तपासलं होतंस ते. तेव्हा काही बोलली नाहीस."

फोन ठेवल्यावर तोंडात कडू चव आली ती दिवसभर गेली नाही. सरांनी खोटं लिहिलं याचा राग होताच. पण त्यांनी ते माझ्याकडेच पाठवलं होतं. मी त्यांचं लिखाण वाचणार नाही याची त्यांना खात्री होती, आणि ती खरी निघाली होती.

संध्याकाळी चहाच्या वेळी सासरे उसाला पाणी देऊन आले. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं काय झालं. मी जमेल तसं सांगितलं. आबांना कॉम्प्युटरचं काही कळत नाही, पण मोटरीच्या स्टार्टरवरचा दिवा कळतो.

"म्हंजी दिवा लागायला पायजे तितं लागतच न्हाय, असं केलंय व्हय?"

"तसंच."

"मग त्या मशिनीवर कोण उभं असतंय?"

मला माहीत नव्हतं. ती पेटी कुठे लावलीय हेसुद्धा मी कधी विचारलं नव्हतं. तक्रारींच्या यादीत शोधलं तर एकच कारखाना परत परत दिसला, लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीतला. घरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर. तीन महिन्यांपूर्वीपासून तक्रारींची नोंदच अचानक बंद झाली होती आणि त्यापुढे आमच्याच कुणीतरी 'समाधानकारक' असा शेरा मारला होता.

गुरुवारी मी भिगवणची एसटी धरली, तिथून इंदापूरकडे जाणाऱ्या गाडीने हायवेवर फाट्याला उतरले. तक्रारींत कारखान्याच्या इलेक्ट्रिशियनचा नंबर होता, त्यांना आधी फोन केला होता. ते मोटारसायकल घेऊन न्यायला आले. पन्नाशीचे, खिशाला टेस्टर लावलेला, बोलायला मोकळे.

"पेटीवाल्या म्याडम तुमीच व्हय? एवढ्या दिसांत पुण्याचं कुणी आलं न्हाय. फोनवर म्हणायचे, सगळं बराबर दिसतंय."

कारखान्यात ठिबकच्या नळ्या बनतात. प्लॅस्टिकचा दाणा वितळवायचा आणि मशीनमधून नळी ओढायची. आत गेल्यावर तापलेल्या प्लॅस्टिकचा वास घशात बसला. भिंतीलगत करपलेल्या, वेड्यावाकड्या नळ्यांचा ढीग छातीपर्यंत होता. आमची पेटी एका खांबावर होती, तिच्यावर धुळीचा थर. हिरवा दिवा लागलेला. पिवळा विझलेला.

"ही चालती बगा," इलेक्ट्रिशियन म्हणाले, "पर पाच-सा तास झालं की पडद्यावरचा आकडा हालतच न्हाय. मग मी ही वायर काढतो, परत घालतो. की चाललं पुन्यांदा."

"हे तुम्ही कंपनीला सांगितलं होतं?"

"धा येळा. ते म्हणत्यात रिपोर्टमधी नेटवर्कचा दोष शून्य हाय."

शून्य. मी पेटीला हात लावून उभी होते आणि मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. पण मी विचारलं की मशीनवर कोण असतं. ते मला मागच्या शेडमध्ये घेऊन गेले.

तिथे एक बाई खराब नळ्यांचे तुकडे करून श्रेडरमध्ये टाकत होत्या. चाळिशी ओलांडलेल्या, तोंडाला ओढणी बांधलेली, अंगावर प्लॅस्टिकची बारीक भुकटी. आधी त्या मशीनच्या ऑपरेटर होत्या. चार वर्षं. मी पेटी बनवणाऱ्या कंपनीची, असं कळल्यावर त्यांनी ओढणी खाली केली आणि माझ्याकडे नीट बघून घेतलं.

"ताई, तो पिवळा दिवा लागायचा तवा बरं हुतं," त्या म्हणाल्या. "दिवा लागला की मी मशीन बारीक करायची आन् ह्या दादांना हाक मारायची. मग एक दिस दिवा लागायचाच बंद झाला. पडद्यावर तापमान कमी दिसतंय म्हणून मी वाढवलं. परत कमीच दिसतंय, परत वाढवलं. पडद्यावर मघाचाच आकडा हुता, मला काय ठावं? सगळी लाईन करपली. धूर झाला."

"मग?"

"मग काय. साहेब म्हणले, रिपोर्टमधी सगळं बराबर हाय, म्हंजी तूच मोबाईल बघत बसली असशील." त्या जराशा हसल्या, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. "मोबाईल तर गेटवरच जमा करून घेत्यात, ताई. त्यांनीच नियम केलाय. तरी म्हणले."

तेव्हापासून त्या मागच्या शेडमध्ये होत्या. त्यांच्या सासऱ्यांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती, आता नवरा-बायको दोघं कंपनीत. त्यांच्या घरात मशीन चालवणाऱ्या त्या पहिल्याच बाई, हे त्यांनी नाही, इलेक्ट्रिशियननी मला नंतर सांगितलं.

मी त्यांना सांगितलं की चूक पेटीतली आहे. ती मी बघायला हवी होती आणि बघितली नाही, हेही सांगितलं. त्यांनी ओढणी वर घेतली आणि पुढचा तुकडा आत सारला.

परतीच्या एसटीत त्या वासाने माझे कपडे भरलेले होते.

पण वायर काढून घातली की चालतं, हे इलेक्ट्रिशियनचं वाक्य लाखमोलाचं होतं. शुक्रवारी मी तेवढं धरून ड्रायव्हर वाचला. पॅकेट ठेवायला ड्रायव्हर चिपला काही रिकामे डबे देतो असं समजा. डबा भरला की ड्रायव्हर तो उचलतो आणि त्या जागी दुसरा रिकामा ठेवतो. नेमक्या त्या क्षणी मेमरी मिळाली नाही तर नवा डबा मिळत नाही, आणि आमचा ड्रायव्हर ती जागा कायमची विसरून जात होता. असं करत करत काही तासांत चिपजवळ डबेच उरायचे नाहीत. वायर काढली की सगळं पहिल्यापासून सुरू व्हायचं, पुन्हा सगळे डबे जागेवर. डबा मिळाला नाही हे सांगणारं उत्तर येत होतं. ते कुणी तपासत नव्हतं. पहिल्या वर्षाची चूक होती ही, जर्नल फेकायच्या लायकीची. खरा आकडा समोर ठेवून कुणी शोधायला बसलं असतं तर एका दिवसात सापडली असती.

दुरुस्ती अकरा ओळींची झाली. त्या सहा ओळी काढल्या. बदलाबरोबर वर्णन लिहावं लागतं, त्यात मी काहीही न झाकता लिहिलं: आधीच्या बदलाने हरवलेल्या पॅकेटचा आकडा मुद्दाम लपवला, त्यामुळे मूळ दोष दिसला नाही, एका कारखान्यात नुकसान झालं, आणि तो बदल मी न वाचता मंजूर केला होता.

सोमवारी सरांचा फोन आला. "कोड उत्तम आहे. अगदी नेमकं पकडलंस. फक्त वर्णन बदल."

"वर्णनात चूक काय आहे, सर?"

"चूक नाही. पण हा ड्रायव्हर आपण खुल्या कर्नलमध्ये देणार आहोत. जगभर वाचतील लोक. असं कुणी लिहितं का?"

"झालं तेच लिहिलंय."

"तू अजून तशीच आहेस," ते प्रेमाने म्हणाले. त्या प्रेमाची मला सगळ्यात जास्त किळस आली. "ठीक आहे, मी बघतो."

त्यांनी बघितलं. बुधवारी बदल आत गेला. माझ्या अकरा ओळी जशाच्या तशा होत्या. वर्णन एका वाक्याचं होतं, मेमरीच्या वापरात सुधारणा. लिहिणारे सर. तपासणारी मी.

हा बदल माझ्याकडे तपासायला आलाच नव्हता. पहिल्या वेळी मी न वाचता माझं नाव दिलं होतं. या वेळी त्यांनी ते विचारलंही नाही. मी पडद्यावरचं ते नाव कितीतरी वेळ बघत बसले. आईवडिलांनी ठेवलेलं, शाळेच्या दाखल्यावरचं, ते कुणीतरी ओल्या बोटांनी हाताळून ठेवल्यासारखं दिसत होतं.

मी दोन पत्रं लिहिली. पहिलं कंपनीतल्या सगळ्या गटाला: या बदलावर तपासणारी म्हणून माझं नाव आहे, मी तो तपासलेला नाही, नाव काढावं, सोबत माझं मूळ वर्णन. दुसरं कारखान्याच्या साहेबांना, साध्या मराठीत: तुमच्या पॅनेलवर थांबलेला आकडा दिसत होता, दोष आमच्या पेटीत होता, अहवालातलं शून्य खोटं होतं, मशीनवरच्या ऑपरेटरची त्यात चूक नव्हती. खाली सही केली आणि स्वतः नेऊन दिलं. साहेबांनी उभ्याउभ्या वाचलं, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, हे मेलवर पाठवलं असतं तरी चाललं असतं." ड्रॉवर बंद करणारा त्यांचा हात मला बघवेना.

कंपनीतून मला कुणी काही बोललं नाही. दोन दिवसांनी माझं नाव त्या बदलावरून निघालं. वर्णन तेच राहिलं. सरांचं नावही तिथेच राहिलं. गटाच्या पुढच्या बैठकीत सर नेहमीसारखे बोलले, कॉलेजातून नुकत्याच आलेल्या एका नव्या मुलीला कोड तपासण्याचं महत्त्व समजावून सांगितलं, आणि मी माझा आवाज बंद करून ऐकत राहिले. त्यानंतर ते माझ्याकडे काही पाठवत नाहीत. त्यांचे बदल दुसरं कुणीतरी तपासतं. किती वाचतं मला माहीत नाही.

नवा कोड पेट्यांमध्ये गेल्यावर मी इलेक्ट्रिशियनना फोन केला. आता वायर काढावी लागत नाही म्हणाले. मागच्या शेडमधल्या बाईंचं विचारलं.

"साहेबांनी परत मशीनवर बोलावलं हुतं. तिनं न्हाय म्हणलं."

"का?"

"म्हणली, परत काय झालं तर परत मीच. त्यापरीस पॅकिंगला टाका. आता पॅकिंगला हाय."

मी त्या बाईंना निरोप द्या म्हटलं, पण काय निरोप द्यायचा ते सुचेना. शेवटी बरं आहे ना एवढंच विचारायला सांगितलं.

शिक्षक दिनाला आमच्या बॅचच्या ग्रुपवर सकाळपासून मेसेज यायला लागले. सरांचा तरुणपणीचा फोटो, हार, हात जोडलेले. परदेशातल्या एकाने लिहिलं की चूक लपवू नये हे सरांनी शिकवलं आणि त्याच्या जोरावर मी इथवर आलो. त्याखाली एकामागून एक सगळ्यांनी तेच. दुपारी सरांनी उत्तर दिलं, तुम्ही सगळे माझा अभिमान आहात. मग वेगळा, फक्त मला एक मेसेज: 'तुझी शुभेच्छा दिसली नाही.'

मी तो वाचला. जेवण व्हायचं होतं, ताट वाढलेलं होतं, आबा वाट बघत होते. मी ग्रुप सोडला, फोन दुसऱ्या खोलीत ठेवला आणि जेवायला बसले. दोन घास खाल्ले. पुढे जाईना.